बारशाचा फोटो

बारशाचे फोटो काढून झाल्यावर शकुंतलाबाईंनी जुन्या कॅमेऱ्यातली रॉ, म्हणजे रंगांना हात न लावलेली, फाइल पडद्यावर उघडली. व्हाइट बॅलन्ससाठी, पांढरं ते पांढरंच यावं म्हणून, त्यांनी फोटोतल्या बाळाच्या पांढऱ्या झबल्यावर टिचकी मारली. लाल, हिरवा, निळा, तिन्ही आकडे सारखे झाले. मग सहज बाळाच्या डोळ्यातल्या पांढऱ्यावर मारली, तर निळ्याचा आकडा बाकी दोन्हींच्या निम्म्याच्याही खाली.

"मृणाल, बाळ दूध पितंय ना गं?"

"नुसतं झोपतं हो मावशी. गुणाचं आहे."

"अगं, निळा इतका कमी म्हणजे पिवळं पडलंय ते. कावीळ आहे."

"काहीतरीच! कसं गुलाबी दिसतंय, बघा की."

गुलाबी तर बाईंनाही दिसत होतं. सगळ्यांच्याच डोळ्यांत बसवलेली भिंगं प्रत्येक रंग आपोआप सुधारून दाखवत.

"ही फाइल डॉक्टरांना जशीच्या तशी पाठव. आकडे बघा म्हणावं."

मृणालने पाठवली. पण फोनने सवयीप्रमाणे आधी तिचा साधा जेपेग फोटो केला आणि जाता जाता रंगही सुधारले.

लगेच फोनवर डॉक्टरांचा हसरा आवाज आला, "काय गोड आलाय हो फोटो! आकडे कसले बघायचे? तीट लावा आधी."

"बघा, मावशी!" म्हणत मृणालने काजळाचं बोट बाळाच्या गालावर टेकवलं.

बाळ हललं नाही.