परग्रहावरचा पिपाणीवाला

चित्रपटमालेचा हा तिसरा भाग, आणि परग्रहावरच्या वाद्यवृंदाचे रबरी मुखवटे याही वेळी तिनेच केले होते. त्यातला पिपाणीवाल्याचा मुखवटा तिच्या नवऱ्याच्या मापाचा होता. त्याला दम्याचा त्रास, त्यामुळे जेवणाची सुट्टी होताच ती मंचाकडे धावली.

बाकीचे वादक बाहेर पडले होते. पिपाणीवाला मात्र एकटाच बसून होता.

"अहो, मान खाली घाला बरं. जीव घुसमटला असेल," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली. मुखवट्याची चेन मानेवर असायची. तिने चाचपून पाहिलं, तर चेन नव्हतीच. रबर कुठे संपतं तेही हाताला लागेना, आणि ते कोमट होतं.

"चिकटवलंय तरी काय तुम्ही?" असं पुटपुटत तिने जोरात नख रुतवलं.

"अगं, कोणाशी बोलतेयस?" दारातून नवऱ्याचा आवाज आला. तो टॉवेलने तोंड पुसत उभा होता. "माझा मुखवटा केव्हाच काढला मी. तुझ्या टेबलावर ठेवलाय."

तिला हात मागे घ्यायचंही सुचेना.

आणि तिच्या बोटांखाली, त्या हिरव्या मानेवर, सर्रकन काटा आला.