रिकाम्या पोटी

उजाडताच पावसच्या बागेतल्या मांडवाखाली आप्पांनी योगशिबिराच्या मंडळींना पद्मासनात बसवले, डोळे मिटायला लावले आणि ‘सत्य’ या यमावर धीरगंभीर आवाजात प्रवचन दिले. पुण्याची मंडळी इतकी भारावली, की प्रत्येकाने घरी न्यायला आप्पांच्या बागेतल्या हापूसची पेटी सांगितली.

यंदा बागेत फळ धरलेच नव्हते. न्याहारी आटोपून मंडळी समुद्रावर गेली, तेव्हा मागीलदारी कर्नाटकातून मागवलेला आंबा उतरला. आप्पांच्या बागेचे नाव छापलेल्या पेट्या घेऊन सून ऋजुता तो भरायला बसली.

“अगो, आंब्यातली ती कानडी वर्तमानपत्रं काढ आधी. आपली रत्नागिरीची घाल.”

“आणि सकाळचं सत्य, आप्पा?”

“योग रिकाम्या पोटी करायचा असतो, सूनबाई!” तृप्तीची ढेकर देत आप्पा ओटीवर शवासनात पहुडले.

 

ऋजुताने रत्नागिरीची वर्तमानपत्रे बाजूला सारली, प्रत्येक पेटीत आंब्यांवर एकेक कानडी पान सुरकुती न पाडता अंथरले आणि झाकणे चिकटवून टाकली.