दोन दगडांखालचा कोळसा

टेबलावर कोळशाचे दोन तुकडे होते. एकाचं वजन अकरा ग्रॅम, दुसऱ्याचं नऊ. दोन्हींत झाडाच्या वाढीची वलयं एकोणीस. दोन काचेच्या डब्या, एक चिमटा, कोर्टाचं फोडलेलं लाल सील, आणि टेबलापलीकडे खुर्चीच्या अगदी कडेला बसलेली एक म्हातारी. उर्जाने स्क्रीनवरची वलयं पुन्हा मोजली. एकोणीसच भरली.

म्हातारीचं नाव दोन्या रेमेदियोस. दोन्या म्हणजे त्यांच्याकडचं बाई. गावच्या पाणीवाटपाच्या पंचायतीच्या त्या प्रमुख. गाव मेक्सिकोच्या उत्तरेला, वाळवंटाच्या काठावर. स्पेनच्या राजाचा अंमल जिथे संपायचा, तिथे त्याच्या माणसांनी वसवलेलं. सीलबंद पेटी त्यांनी विमानात मांडीवरून खाली ठेवली नव्हती, आणि जर्मनीतल्या येनाच्या प्रयोगशाळेत आल्यावरही उर्जाच्या हातात देताना क्षणभर घट्ट धरली होती.

गावाची हद्द दोन दगडांवर ठरायची. दोघांमध्ये अंतर ४.२ किलोमीटर, मधोमध झरा, आणि त्या झऱ्यावर चाळीस घरं. शेजारच्या कुरणाचा मालक म्हणत होता, उत्तरेचा दगड जुना, तो आजवर कुणी हलवलेला नाही, हे मान्य. पण दक्षिणेचा गावकऱ्यांनी मागाहून गुपचूप रोवला. तो खोटा ठरला की झरा कुरणात जाणार होता. कोर्टाने दोन्ही दगड उपटले. दोन्हींखाली कोळशाचा एकेक तुकडा निघाला. कोळसा कुजत नाही, म्हणून तो पूर्वी हद्दीखाली साक्षीला पुरत. हे तुकडे किती जुने, एवढाच प्रश्न येनाला विचारला होता.

नेमकं तेच सांगता येत नव्हतं. वलयांवरून साल काढायला एकोणीस वलयं पुरत नाहीत, आणि कार्बनच्या चाचणीत स्पेनच्या अंमलापासूनच्या शतकांतली वर्षं एकमेकांत मिसळून जातात.

श्रीरंग कॉफीचा मग घेऊन मागे उभा होता. उर्जाच्या चार वर्षं आधी पुण्याहून आलेला, लॅबमधला तिचा सीनियर.

"जा, मग तसंच लिही," तो मराठीत म्हणाला. "कोर्टाला गुटआख्टन पाठवायचंय, तज्ज्ञाचा अहवाल, कादंबरी नाही."

"आणि झरा, दादा?"

"झरा आपण मोजलेला नाही."

उर्जाने बाईंना सोप्या इंग्रजीत सगळं समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, वाद घातला नाही. कोळसा परत मिळेल ना, इतकंच विचारलं आणि पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढून त्या हातात फिरवत राहिल्या. जुडग्याला बोटाएवढी एक काटकी बांधलेली होती. एका टोकाला मोडलेली.

हे काय, असं उर्जाने विचारलं ते केवळ शांतता सहन होईना म्हणून.

बाईंनी सांगितलं ते असं. उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या ठरतात तेव्हा प्रत्येक पाळीची एक काटकी सगळ्यांसमोर मोडायची. अर्धी पंचायतीकडे, अर्धी शेतकऱ्याकडे. पाट उघडताना दोन्ही जोडून बघायच्या. आता पाळ्या फोनवर येतात, नातवंडं आजीच्या लाकडांना हसतात. पण भांडण लागलं की फोन कुणी बघत नाही.

"आणि कुणी दुसरीच काटकी आणली तर?"

"बसत नाही," बाई म्हणाल्या. "एकदा जशी मोडते तशी पुन्हा मोडता येत नाही, मुली. मलासुद्धा."

उर्जा डब्यांकडे बघत राहिली. दोन डब्या, दोन नंबर, दोन वेगवेगळ्या दिवशी केलेले स्कॅन. दोन ठिकाणचे नमुने एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, हा लॅबचा नियम. तो तिने इतका चोख पाळला होता की दोन्ही तुकडे तिने स्क्रीनवरसुद्धा कधी शेजारी ठेवले नव्हते. प्रत्येकाला वेगळं विचारलं होतं, तुझं वय काय.

तिने दोन्ही स्कॅन एकत्र उघडले. दुसरा तुकडा उलटा केला, थोडा फिरवला, सरकवत पहिल्याजवळ नेला.

सातवं वलय अरुंद होतं. ते पहिल्या तुकड्याच्या सातव्या, तितक्याच अरुंद वलयाला जाऊन मिळालं. फांदीतली एक गाठ, तिळाएवढी, अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे होती. ती पूर्ण झाली.

श्रीरंगने मग खाली ठेवला आणि स्टूल ओढून घेतलं. कुणीतरी सगळ्या गावासमोर हा कोळसा मोडला होता, आणि दोन माणसं आपापला अर्धा भाग घेऊन विरुद्ध दिशांना चालत गेली होती. उत्तरेचा दगड कधी हलला नव्हता, म्हणजे दक्षिणेचाही त्याच दिवशी रोवलेला. उर्जाने माऊस सोडून दिला, जणू धक्क्याने ते पुन्हा सुटे होतील.

दोन्या रेमेदियोस उठून जवळ आल्या. त्यांचं बोट स्क्रीनपर्यंत गेलं, पण त्यांनी काचेला हात लावला नाही.

"माझ्या आजोबांच्या आजोबांच्याही आधीचं असेल?"

"ते मला सांगता येणार नाही," उर्जा म्हणाली.

बाईंनी मान डोलावली.

"कडा धरू नकोस, झिजल्यात," श्रीरंग हळू आवाजात म्हणाला. "मधला भाग मोज."

उर्जाने मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं. अहवालाच्या शेवटी तिने दोन ओळी लिहिल्या.

दगडांमधलं अंतर: ४.२ किलोमीटर.

त्यांच्याखालच्या कोळशाच्या तुटलेल्या पृष्ठभागांमधलं सरासरी अंतर: ०.०४ मिलिमीटर.