सैल झाकण

डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर तिघं बसली होती. आई, बाबा आणि मधे भिंगरी. लहानपणी एका जागी पाय ठरत नसे म्हणून हे नाव पडलं. गेल्या वर्षी नसांना सूज आली आणि पोरीच्या हातापायांतलं बळच गेलं. तेव्हापासून दर महिन्याला सलाईनमधून औषध. त्याचा गुण येतोय, की आणखी जहाल औषध सुरू करायचं, ते आज ठरणार होतं.

"तहान लागली," भिंगरी म्हणाली.

आईने पिशवीतून बाटली काढून दिली. भिंगरीने झाकण धरलं, ओठ घट्ट मिटले आणि पिरगाळलं. मग घटाघट पाणी प्यायली.

बाटली असो की बरणी, भिंगरीच्या हाती जाण्याआधी कुणीतरी गुपचूप झाकण सैल करून ठेवायचं, अशी या घराची रीत. एवढंही जमत नाही, असं पोरीला वाटायला नको. बाबा प्लंबर. दिवसभर लोकांचे नळ आवळायचे आणि घरी येऊन झाकणं सैल करत हिंडायचं!

आई भिंगरीच्या पाठीमागून बाबांकडे झुकली. "सैल केलं होतंत ना?"

"मी? अगं, निघताना गळत होती म्हणून चांगली आवळली. म्हटलं, देण्याआधी तू बघशील."

"मी झाकणाला हातही नाही लावला हो!"

"तुमची कुजबुज ऐकू येते मला," भिंगरी म्हणाली. "झाकणं सैल असतात, तेही कधीचं ठाऊक आहे. आज घट्ट लागलं, तर वाटलं, मुद्दाम परीक्षा घेताय."

"लबाड कुठली!" आईने तिला कवटाळलं. हसू आणि रडू एकदमच आलं. किती दिवसांनी आईला मोकळा श्वास घेता आला.

भिंगरीने झाकण लावलं, आवळलं आणि बाटली बाबांपुढे धरली. "घे. आता तू उघड."

बाबांनी झाकण धरलं. हात इतके थरथरत होते, की काही केल्या ते उघडेना.

"दे इकडे." भिंगरीने झाकण जरासं सैल केलं आणि बाटली परत बाबांच्या हातात ठेवली.