चवीचा रकाना

कमरीपेठेतल्या घराच्या गच्चीवर प्रशिकने चेरी टोमॅटोचे पाच वाण लावले होते. कोणता जास्त फळतो आणि कोणता खायला चांगला, हे त्याला कॉलेजात लिहून द्यायचं होतं. फळं धरायच्या आधीच धारवाडच्या रस्त्यावर त्याची गाडी घसरली आणि तो गेला. त्याची आई सरूबाई मात्र रोज सकाळी पिकलेली फळं तोडत राहिली आणि वजन करून वहीत लिहीत राहिली.

तीन महिन्यांनी त्याची वर्गमैत्रीण राणी वही न्यायला आली. वजनाचे सगळे रकाने भरले होते. चवीचा तेवढा कोरा होता.

"मावशी, एकही फळ चाखलं नाहीत?"

सरूबाईने नकारार्थी मान हलवली.

"मग आता चाखू या. पाच फळं, पाच आकडे. एवढंच राहिलंय." राणीने एक लालबुंद फळ तिच्यापुढे धरलं.

सरूबाईने ते ओठांपर्यंत नेलं आणि हळूच परत राणीच्या हातावर ठेवलं.

"तोडताना प्रशिक रोज मागनं सांगतोय बघ, 'अव्वा, हे पिकलंय, ते ऱ्हाऊ दे.' चव लिहिली की प्रयोग संपला. मग तो वर कशाला येईल गं?"