मुकं अ‍ॅकॉर्डियन
युरोपातल्या गाण्याच्या स्पर्धेत वाद्यं टेपवर वाजतात. रंगमंचावर वादकानं नुसती बोटं नाचवायची. स्लोव्हेनियाच्या नेझाच्या गाण्यात आजोबांचं अ‍ॅकॉर्डियन होतं, पण पट्ट्यांना बोट लावायला त्यांना सक्त मनाई. "गावच्या लग्नात असं वाजवलं असतं, तर कुणी सूपसुद्धा वाढलं नसतं!" आजोबा कुरकुरले. नेझा लहानपणापासून त्यांच्या सुराचं बोट धरूनच गाण्यात शिरायची. कानातल्या यंत्रातून येणारा टेपचा सूर तिला परका वाटला, आणि दोन्ही तालमींत पहिली ओळ हुकली. अंतिम फेरीत टेप सुरू झाली. तिनं कानातलं यंत्र उपसलं. "टेकवा बोटं, आजोबा!" माइक चालू होता, सगळ्या युरोपनं ऐकलं. बोटं टेकली आणि नेझा सुरावर अलगद झुलली. गुण सांगताना देशोदेशींचे निवेदक अडखळत, तिच्याच भाषेत म्हणाले, "टेकवा बोटं, आजोबा!" "आता सूप मागतो," आजोबा म्हणाले.