फुकटचा व्हीपीएन

आखातात नेटवरून घरी कॉल लागत नाही, म्हणून दिवसभर क्रेनवर राबून आलेला जयराज फुकटचं व्हीपीएन ॲप लावून कडेगावला आईला, बनुबाईला, फोन करायचा. ते ॲप अधूनमधून तुटायचंच. पण बनुबाईनं "कवा येणार रं?" विचारलं की हटकून तुटायचं, कारण तेव्हा जयराजच ते बंद करायचा. रजा यंदाही नाकारली, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

आज तिनं पुन्हा तेच विचारलं. बटणापाशी गेलेलं बोट त्यानं मागं घेतलं. या खोटेपणाचाही आता शीण आला होता.

शेवटी बनुबाईच म्हणाली, "आवाज तुटाय लागलाय बग तुजा. ठिवते, बाळा."



जयराजनं अजून तोंडही उघडलं नव्हतं.